कमलमावशींची बिनचेहऱ्याची बाई

कमलमावशी आधी बाई काढायच्या, मग त्याच कागदावर कात्री चालवायच्या. मतलब खाकी कागदावर पेन्सिलीने अख्खी बाई: बारीक कंबर, पसरट गळ्याचा बोटनेक ब्लाउज, नायलॉनची साडी, हातात पर्स. गिऱ्हाईक हो म्हणालं की कागद उलटा करून मागे माप आखायचं आणि कापायचं. त्या देवासला आमच्या शेजारी राहायच्या, माहेर धारचं. विसाव्या वर्षापासून शिवत होत्या. इतक्या बायका काढल्या आणि उरली एकच, कारण तिचं गिऱ्हाईक परत आलंच नाही.

मी इंदौरला फॅशन शिकते, रोज बसने जाते. ते चित्र बघून मी वेडीच झाले. साठ वर्षांपूर्वीचं, आणि बाई काय उभी आहे यार! एक पाय पुढे, मान जराशी वळवलेली. फक्त चेहरा कोरा.

"मावशी, नाक-डोळे का नाही काढले?"

"चेहरा काढला की बायका चेहराच बघत बसतात. ब्लाउज कोण बघणार?"

कॉलेजात प्रदर्शन होतं. मी महिनाभर मागे लागले, आठ दिवस द्या, फ्रेम करून परत आणते. त्यांचं एकच, "कागद काय भिंतीवर टांगायला असतो? कपडा अंगावर चढला पाहिजे."

"तुम्ही ना मावशी, बहुत जिद्दी आहात."

"आहेच. रविवारी ये."

मला वाटलं, मानल्या. फ्रेम घेऊनच गेले. त्यांनी हातात कागदाची घडी ठेवली. उघडली तर ब्लाउजची अर्धी पाठ, पुढचा भाग, एक बाही. चित्रच कापून टाकलं होतं. बाहीच्या मागे पर्स, पाठीच्या मागे कंबर. बाकीचे तुकडे केरात गेलेले.

"तुझं माप नजरेनंच घेतलं. बोटनेक शोभेल तुला."

"मला चित्र हवं होतं, मावशी."

"ती किती वर्षं थांबलीय गं. अजून किती थांबवायची?"

मी थँक्यू पण नाही म्हटलं, सरळ घरी आले. नंतर दोनदा त्यांनी खिडकीतून विचारलं, "शिवलास का?" मी म्हटलं, टाइम नाही, प्रोजेक्ट आहे. प्रोजेक्ट वगैरे काही नव्हता. फाल्गुनात त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी तो ब्लाउज शिवायला घेतला. एकही टाका उसवावा लागला नाही. आरशासमोर उभी राहिले आणि इतका राग आला, त्यांचा, माझा, सगळ्याचाच. आता कॉलेजात घालून गेले की मैत्रिणी विचारतात, "कहां से लिया? लिंक भेज ना."