चेअरमन काकांचा मंजूर झालेला राजीनामा

बायकोलाही कधी न सांगितलेली गोष्ट आज लिहून टाकतो. आमच्या सोसायटीच्या चेअरमन काकांचा शेवटचा राजीनामा मंजूर झाला तो माझ्या खोटं बोलण्यामुळं, आणि त्यापायी दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद पडलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. स्वभावानं घुमा. घुम्या माणसाचं खोटं लोकांना चटकन पटतं, कारण एरवी तो बोलतच नाही.

पण आधी काका. राजीनाम्याचा एवढा शौकीन माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मूळचे जळकोटकडचे, सगळी नोकरी उदगीरच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणून केलेली. निवृत्त झाले तरी आवाजातला लाऊडस्पीकर निवृत्त झाला नव्हता. जिन्यातून हाक मारली की चारही मजल्यांवरची माणसं पिशव्या उचलून गाडीला धावतील असं वाटायचं. सोसायटीच्या फळ्यावर ते पाण्याचं वेळापत्रक गाड्यांसारखं लिहीत: ए विंग, सुटण्याची वेळ पाच वाजता, बी विंग, पाच वीस. लातुरात पाण्याला सोन्याची किंमत, त्यामुळं टाकीच्या वॉल्व्हची चावी ज्याच्या खिशात तो राजा. काका ती चावी जानव्यासारखी अंगावेगळी करत नसत. उन्हाळा असो, कडाक्याची थंडी असो, कानाला मफलर गुंडाळून पाचला खाली हजर. पाणी दोन मिनिटं उशिरा सुटलं तर स्वतःच फळ्यावर दिलगिरी लिहायचे.

आणि वर्षातून चार-पाच वेळा राजीनामा. कुणी जिन्यात चपलांचं स्टँड ठेवलं, राजीनामा. कुणी गाडी आडवी लावली, राजीनामा. एकदा गणेश मंडळाचाही दिला. आता मंडळावर ते नव्हतेच. दुसऱ्या मजल्यावरचे शेखभाई, मोटार रिवायंडिंगवाले, काकांचे वीस वर्षांचे दोस्त, हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "क्या कंट्रोलरसाब, पदच नाही तर सोडता काय?" काका शांतपणे म्हणाले, "उद्या दिलं तर? आगाऊ सोडायलो."

राजीनाम्याची आमच्याकडं एक रीत पडली होती. सकाळी माझ्या दाराखालून लांब कागद आत सरकायचा, मोत्यासारखं अक्षर, शेवटी "मंजूर व्हावा ही नम्र विनंती". तो वाचायचा नाही. संध्याकाळी मी, शेखभाई आणि आणखी एखादा असे वर तिसऱ्या मजल्यावर जायचो. काका आमच्याकडं पाठ करून बसलेले. शेखभाई म्हणायचे, "तुमच्याबिगर बिल्डिंग वाळवंट होईल ना साब." काका भिंतीलाच म्हणायचे, "होऊ द्या. लई झालं." तेवढ्यात काकू सुशीलाच्या, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांच्या, बश्या घेऊन यायच्या. मुरमुरे आमची बेल वाजायच्या आधीच भिजलेले असायचे, हे सगळ्यांना माहीत. दुसऱ्या घासाला काका वळायचे, कागद परत घ्यायचे आणि चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या कूलरच्या पायाखाली सारायचे. तो कूलर राजीनाम्यांनीच पातळीत आला होता. मधल्या वेळात, म्हणजे सकाळी दिला आणि संध्याकाळी परत घेतला या दरम्यान, कामं थांबायची नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "चेअरमन म्हणून न्हाई, रहिवासी म्हणून करायलो."

एवढी माया असलेल्या माणसाशी मी तसं का वागलो? कारण फार क्षुल्लक आहे, म्हणूनच सांगायला लाज वाटते. माझ्या मुलीला बघायला निलंग्याहून पाहुणे आले होते, रात्रीच मुक्कामाला. सकाळी अंघोळींना पाणी पुरेना. मी खाली जाऊन काकांना म्हणालो, आज दहा मिनिटं जास्त सोडा. मुलाचे वडील माझ्या मागोमाग खाली आलेले. काका आपल्या स्टँडावरच्या आवाजात म्हणाले, "सर, सेक्रेटरीचं घर म्हणून दहा मिनिटं? मग चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीनं काय करावं? न्हाई जमणार." आणि वॉल्व्ह बंद केला. पाहुणे हसले. सोयरीक जमली, लग्नही झालं, मुलगी सुखात आहे. ते हसणं मात्र माझ्या कानातून जाईना.

पंधरा दिवसांनी काकांचा राजीनामा आला. गच्चीत कुणीतरी गाद्या धुतल्या होत्या, एवढंच निमित्त. त्या संध्याकाळी मी वर गेलो नाही. शेखभाईंनी विचारलं तर म्हणालो, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी म्हणालो, मला ताप आहे. तिसऱ्या दिवशी कमिटीची सभा होती. तिथं मी तो कागद पहिल्यांदाच मोठ्यानं वाचला. शेखभाई लगेच उठले, चप्पल पायात घालत म्हणाले, "चला सर, वर जाऊ. बुढ्ढा वाट बघत असेल." मी म्हणालो, "काकांनी मला निरोप दिलाय. या वेळी कुणी समजवायला येऊ नये. आलात तर त्यांना वाईट वाटेल."

शेखभाईंनी चप्पल काढली. खाली बसले. राजीनामा आभारासह मंजूर झाला. शाल-नारळ देण्याचं ठरलं. चेअरमन म्हणून माझं नाव सुचवलं गेलं आणि मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः माझ्या दाराशी आले. चावी तेल लावून, पुसून, नव्या सुतळीत ओवलेली. म्हणाले, "बी विंगचा वॉल्व्ह अर्धा आटा जास्त फिरवा, न्हाई तर वर पाणी चढत न्हाई." मग उंबऱ्यातच घुटमळले. त्या माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सर, कुणीच म्हणलं न्हाई का, जाऊन बघू म्हणून? शेख पण न्हाई?"

मी म्हणालो, "नाही."

पहिलं खोटं रागातलं होतं. हे दुसरं कशातलं, ते मला अजून कळत नाही. खरं सांगितलं तर पहिलं उघडं पडेल, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. काका "बरं" म्हणाले आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

त्यानंतर ते सभेला आले नाहीत. शाल त्यांनी काकूंना घ्यायला लावली. शेखभाई जिन्यात भेटले की सलाम घेतात, थांबत नाहीत. शेखभाईंना वाटतं, साबनंच नको म्हटलं. काकांना वाटतं, शेख बसून राहिला. पुढं कधीतरी काकू माझ्या बायकोला सहज म्हणाल्या, "त्या वेळी तीन दिवस सुशीला केली बघा. कुणी आलं न्हाई. आमचीच आम्ही खाल्ली. त्यांना घासच उतरंना." बायको हे सांगत असताना मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

चेअरमन म्हणून मी बरा आहे म्हणतात. पाणी वेळेवर सुटतं, जिना स्वच्छ असतो. माझ्याशी कुणी भांडत नाही आणि माझी मनधरणी करायचीही कुणाला गरज पडत नाही. पहाटे वॉल्व्ह फिरवताना वर तिसऱ्या मजल्यावर दिवा लागलेला दिसतो. पाचला उठायची सवय त्यांची गेलेली नाही. कधी बी विंगला मी आटा कमी फिरवला तर वरून खोकला ऐकू येतो. मी आटा वाढवतो. खोकला थांबतो.

शेखभाईंनी दुकान विकलं. पुढच्या महिन्यात ते नांदेडला मुलाकडं कायमचे राहायला चाललेत. सामान बांधणं सुरू आहे. काका गॅलरीत उभे राहून खाली जाणारी खोकी बघतात, शेखभाई वर बघत नाहीत.

एवढं सगळं लिहिलं, पण तिसऱ्या मजल्यावर मी अजून गेलेलो नाही. शेखभाई उठले होते, चप्पल घालून निघाले होते, त्यांना मी खाली बसवलं. एवढं शेखभाईंच्या समोर सांगणं, हे मी काकांचं देणं लागतो.