चाळीस वाक्यांचा आवाज

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली फुंकऱ्या म्हणते. गरम हवेच्या यंत्राने तो बोर्डावरची चिप अशी अलगद उचलतो, जशी आई झोपलेल्या लेकराची मान उचलते. सेकंद तो मनात मोजतो, घड्याळाच्या काट्याकडे बघत नाही.

मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण राहते. घशाच्या ऑपरेशनआधी तिने स्वतःच्या आवाजात चाळीस वाक्यं मोबाइलात भरून ठेवली होती. ऑपरेशनमध्ये आवाज गेला; मग बटण दाबलं की ती बोले. दुपारी हाक यायचीच, "फुंकऱ्या, जेव आधी! चिप काय पळून जाते?"

मोबाइल म्हातारा झाला. मध्येच बंद पडू लागला. फुंकऱ्याने तिच्यासाठी नवा आणला, तिप्पट वेगाचा. पण नव्या चिपेची घडणच निराळी; वाक्यं वाजवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमच्या आज्ञा तिला कळेनात. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. आवाज मेमरीत, पण मेमरीच्या कुलपाची किल्ली जुन्या प्रोसेसरात. तो गेला, तर सगळंच गेलं.

"ताई, प्रोसेसरची चिप उचलून परत बसवतो. खालचा सोल्डरचा डाख सैल झालाय, बाकी काही नाही."

तिने बटण दाबलं, "राहू दे."

"अगं, हजार चिपा उचलल्यात मी!"

"राहू दे," पुन्हा तेच बटण.

त्याने ऐकलं नाही. भर सकाळी, चांगल्या उजेडात बसला. गेली चार वर्षं हात नव्या चिपांवर चाललेला. त्यांचा डाख उशिरा वितळतो, त्यांना साठापर्यंत मोजावं लागतं. जुनीला चाळीस पुरे, हे त्याला माहीत होतं. पण हाताला सवय साठाची. पंचावन्नला चिपेच्या पाठीवर बारीक फोड आला. त्याने यंत्र बंद केलं, पण चिप जळाली होती, आणि तिच्यातली किल्लीही.

ताई आली, बोर्डाकडे बघितलं. वहीच्या पानावर लिहिलं, "सांगितलं होतं ना, मेल्या." पान त्याच्यापुढे सरकवलं आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

आता दुपारी ती दारात उभी राहून ताटावर चमचा वाजवते. आवाज यायचा तेव्हा त्याला तीन-तीन हाका लागायच्या. आता पहिल्याच ठोक्याला तो हातातलं काम टाकून उठतो.