कोलनवॉटरचे चार थेंब

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्यात नोकरीला लागलो आणि वर्षभरात दोन गोष्टी शिकलो: फायलीवर शेरा मारणं आणि हाताला वास लावणं. दुसरी साहेबांकडून. कुणी भेटून गेलं की ते खणातून कोलनवॉटरची बाटली काढत आणि चार थेंब तळव्यावर चोळत. पाण्याविना स्वच्छता, वर लव्हेंडरचा घमघमाट. मीही तशी बाटली मिळवली, मित्राच्या भावानं दुबईहून आणलेली, खिशात मावणारी. एसटीचा दांडा धरला की थेंब. टपरीवर चहा घेतला की थेंब. घरी वडिलांचे हात केळीच्या चिकानं कायमचे काळे. म्हणून माझे थेंब जरा जास्तच.

त्या हिवाळ्यात रावेरकडच्या आमच्या मळ्यात पाचोऱ्याकडचे पाहुणे आले. धाकट्या बहिणीला ते आधी बघून गेले होते. मुलगा तिला आवडला होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. आता बोलणी पक्की करायची, म्हणून भरिताचा बेत. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती आणि मंडळी गोल बसून सालं काढत होती. मी उशिरा पोचलो. मुलाच्या आजोबांच्या पाया पडलो आणि वांगी सोलायला बसायचं म्हणून, सवयीनं, बाटली काढून हात चोळले.

आजोबांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमना पायसले इतली घाण लागेल व्हती का, भाऊ?"

"नाना, साहेब शे तो!" त्यांच्यातलाच एक ओरडला. "पुढला येळले पाय धुईसन या!"

हशा झाला. त्या हशात 'चुकलं, वाईट सवय लागलीय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "औषध आहे, नाना. हाताला त्रास आहे माझ्या."

"मंग ठीक शे," नाना म्हणाले आणि जरा सरकून बसले.

मी वांगी सोलली. त्या दिवशी भरीत उरलं. आमच्याकडे भरीत उरत नाही.

आठवड्यानं मध्यस्थ आला. "पोर चांगली शे. पन भाऊले चामडीना रोग शे म्हंतस. उद्या पोरले भी..."

वडील मला धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले. "काही नाही. कामाची सवय नाही, इतकंच." वडिलांनी वाटेत पेढे घेतले. पाचोऱ्याला निरोप धाडला, तोवर मुलाची सुपारी दुसरीकडे फुटली होती. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, औषधाला गुण आला, पण उशिरा.

बहीण साक्रीला दिली. संसार बरा चाललाय म्हणते. मी गेलो की ती आधी माझे हात पाहायची आणि कडुलिंबाचा पाला उकळलेलं कोमट पाणी तांब्यानं त्यांवर सोडायची. इतकी वर्षं मी हात पुढे करत आलो. गेल्या दिवाळीत ती पाणी घालत असताना बोलून गेलो, "मला कधी काही झालंच नव्हतं गं."

तांब्या थांबला.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

तिनं उरलेलं पाणी परसात ओतलं आणि पंचा माझ्या हातात न देता शेजारी ठेवून आत गेली.