रागाचा आकडा दुःखाच्या वर

मेंढरं रात्रीची कोंडायची वाघर, म्हणजे आमचं सुताचं जाळं, एका कोपऱ्याला फाटली होती. एक टोक बायकोनं पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं मी ओढलं आणि गाठी मारत बसलो.

"आवं, जोर लावा की. जेवला न्हाईसा व्हय?"

"तुझ्या हातचं जेवल्यावर जोर कुठला राहतोय?"

ती हसली. काम झालं, कोकरांना पाणी दाखवायला उठली आणि हौदाजवळ खाली बसली ती परत उठलीच नाही.

तिच्या बाराव्यापर्यंत दाराशी घोंगडं टाकलेलं. घरच्या कर्त्यानं त्यावर बसायचं, येणाऱ्यानं शेजारी टेकायचं, चार शब्द बोलून निघायचं, अशी आमच्यात रीत. मला बसवंना. माणूस टेकला की मी उठायचो. कोकरू बघून येतो म्हणायचो आणि कुठल्याच कोकराकडं न बघता मेंढरांच्या वाड्याला फेरी मारून यायचो. बायका हेल काढून रडत होत्या, माझा डोळा कोरडा. "म्हातारं दगड हाय," एक पाहुणी मला ऐकू जाईल असं म्हणाली.

मी म्हणालो, "दगड असतो तर एका जागी बसलो असतो की."

लेक कुपवाडला कारखान्यात आहे. बारावं उरकलं तरी तो थांबला. मेंढरं विकायची आणि मला घेऊन जायचं, असं त्यानं मनात धरलेलं. मेंढरं तिच्या हातची. मेंढरं गेली तर माझ्याजवळ तिचं राहतंय काय? संध्याकाळी त्यानं मोबाईल पुढं केला.

"आबा, ह्यो तक्ता बघा. सायंटॉलॉजी म्हणून अमेरिकेतला पंथ हाय. त्यांनी माणसाच्या मनाला आकडे दिल्यात."

मी दुसरीतून शाळा सोडलेला. त्यानंच वाचलं. सगळ्यात वर चाळीस, तिथं माणूस अगदी शांत. चारावर उत्साह. अडीचावर कंटाळा. दीडावर राग. एकावर भीती. अर्ध्यावर दुःख. त्याच्याही खाली, ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो. शून्यावर मरण. माणूस कुठल्या पायरीवर आहे ते कळलं की पुढं कसा वागणार तेही कळतं म्हणे.

"कंटाळा रागाच्या वर?"

"व्हय."

"मग पारावर बसून जांभया देणारी समदी वरच्या वर्गात गेली की रं."

तो हसला नाही. "आबा, तुमी पार तळाला गेलायसा. रडला न्हाईसा, धड बोलत न्हाईसा. इथं एकटं ठेवलं तर..." त्याचं बोट शून्याकडं गेलं.

माझं टाळकं फिरलं. "आईची राख थंड झाली न्हाई आन तू तिची मेंढरं बाजाराला न्यायला निघालास? उचल त्यो मोबाईल, न्हाईतर हौदात टाकीन!"

तर त्याचं तोंड उजळलं. "आबा, राग आला! दीडावर आलासा तुमी, तळातनं वर आलासा!"

असल्या माणसाशी भांडायचं कसं? शिवी दिली तरी औषध लागू पडलं म्हणणार. मी पटका सोडला, बांधला, परत सोडला. बाहेर एक फेरी मारली. आत आलो आणि विचारलं, "तू कुठं हाईस ते दाव."

"मी? मी साडेतीनाच्या आसपास. कामात रस असतोय माझा." बोट तिथं टेकलं, पण थांबलं नाही. खाली घसरत आलं. "आबा, आज मी मुद्दाम बूट घालून चुलीपर्यंत गेलो. कुणी वरडलंच न्हाई."

आणि एवढा दाढी-मिशीचा गडी गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला.

मी त्याच्या शेजारी बसलो. उठावंसं वाटलं, पण बसून राहिलो. आकडा विचारला नाही. रडू मला तेव्हाही आलं नाही. त्याचं ओसरल्यावर म्हणालो, "तू येत जा रं. बूट घालून ये, मी वरडतो. पर मेंढरं जाणार न्हाईत आन मीबी येणार न्हाई."

त्यानं मोबाईल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तो झोपलेलाच होता. त्याच्या फटफटीवर दव पडलं होतं, ते धोतराच्या सोग्यानं पुसलं. गाडी वळवून रस्त्याकडं तोंड करून लावली. मग मेंढरं सोडली आणि त्याच्या उठण्याची वाट न बघता माळाला लागलो.