लाल चिठ्ठ्यांचं फिरतं घर

आमच्या थोरल्या साडूंच्या तपासणीतून पहिल्याच फेरीत पास होईल अशी वस्तू या भूतलावर अजून तयार व्हायची आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. नापासांच्या यादीत मीही आहे. जालन्याला मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा हे गृहस्थ त्या घरचे जुने जावई म्हणून समोरच बसले होते. बाकीचे माझं शिक्षण, नोकरी, गाव विचारत होते. यांनी मला पोह्यांची बशी हातात घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला लावलं. एक दाणा न सांडता मी चाललो. तेव्हा त्यांनी सासऱ्यांना सगळ्यांसमोर निकाल सांगितला, "उगवण बरी दिसून राह्यली. भेसळीचं नंतर पाहू." लग्नाला आता वीस-बावीस वर्षं झाली, पण ते 'नंतर' काही संपलेलं नाही. अजूनही जेवताना ते मधूनच माझ्याकडे अशा नजरेनं पाहतात की ताटाबाहेर एखादा दाणा सांडलाय का ते मी आधी बघून घेतो.

दोष त्यांचा नाही, त्यांच्या नोकरीचा आहे. एका बियाण्याच्या कंपनीत त्यांची उभी हयात तपासणीच्या खोलीत गेली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठवड्यानं कोंब मोजायचे आणि कमी भरले तर त्या मालाच्या पोत्यांना लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. लाल चिठ्ठी लागलेलं पोतं मालकानं हात जोडले तरी गोदामाबाहेर जात नसे. माझी नोकरी तहसील कचेरीतली. माझ्या टेबलावरून पुढे न सरकलेला कागद मला आठवत नाही. त्यामुळे आमचं जमतं कसं, हा प्रश्न दोन्ही बहिणींना पडतो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा ते घरीही आणत. घरातल्या कुकरच्या शिट्टीला, शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीला, इस्त्रीच्या वायरीला, सगळ्यांना त्यांनी एकेकदा चिठ्ठी लावलेली आहे. माझ्या लग्नात मांडवाच्या एका खांबालाही लावली होती. आमच्या अल्बममधल्या बहुतेक फोटोंत आम्हा नवरा-नवरीच्या मागे ती लाल चिठ्ठी फडफडते आहे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल ही आशा नव्हतीच, पण तो जीपच्या मागे जोडायचं, चाकांवरचं घर विकत आणील हेही कुणाच्या स्वप्नात नव्हतं. कारण मात्र साधं होतं. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, गुडघे गेले. खाली बसणं बंद झालं, आणि त्याबरोबर कमोड नसलेल्या घरी मुक्कामाला जाणंही बंद झालं. अक्कांचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, भोकरदनच्या पुढे शेतातच दोन खोल्यांत एकटा राहतो. वहिनी गेल्या, मुलं पुण्याकडे. अक्का त्याच्याकडे जात, पण सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत परत, आणि तेही दिवसभर पाण्याचा घोट न घेता. भाऊ तांब्या पुढे करायचा आणि बहीण "तहान न्हाई रे दादा," म्हणायची. मे महिन्यातसुद्धा.

मग दादांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्का भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्याला मी दिसून राह्यले तवर चार दिवस त्याच्याकडं राहून येते. मंग काही मागणार न्हाई." साडू फक्त "बराबर," म्हणाले. दादांच्याच घरी एक कमोड बसवून टाकू, असं मी सुचवून पाहिलं. "बसवणार कोण? आन् त्याचं काम तपासणार कोण?" असं त्यांनी मला विचारलं. तपासणार तेच, आणि तीनदा फोडायला लावणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विषय सोडून दिला. महिन्याभरात परजिल्ह्यातल्या एका कारखान्यातून ते पांढरं घर आम्ही दोघंही राहतो त्या गल्लीत येऊन उभं राहिलं. आत पलंग, ओटा, पंखा, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तो कमोड.

अक्कांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. साडूंनी चिठ्ठ्या काढल्या.

त्या गाडीत काय बरोबर होतं ते सांगणं सोपं, कारण ती यादी फार लहान आहे. चारी चाकं गोल होती. पंख्याचं बटन दाबलं की संडासातला दिवा लागे, आणि दिव्याचं बटन दाबलं तर काहीच होत नसे. ओट्याखालच्या मोरीचं पाणी नळीतून खाली जाण्याऐवजी पलंगाखालच्या कप्प्यात जमा होई. छताचा प्लाय कागदाला मारायच्या पिनांनी टाचलेला होता. कपाटांची दारं गाडी वळली की उघडत आणि सरळ झाली की मिटत. जिथे जिथे फट होती तिथे तिथे कुणीतरी सिलिकॉन असं थापलं होतं की अक्का म्हणाल्या, "पुरणही इतकं सांडत न्हाई कोणी." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पांढरं घर फाल्गुनातल्या पळसासारखं लाल झालं होतं. कारखानदाराला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला, "सर, गाडी थोडी चालली की आपोआप सेट होते." हे वाक्य साडूंनी वहीत लिहून ठेवलं, आणि त्या वाक्यालाही एक चिठ्ठी टोचली.

दुसरा एखादा असता तर त्यानं गाडी परत पाठवली असती. मीही तेच म्हटलं. पण साडूंना मी इतकं पेटलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पोतं परत जातं साडू, हिला मी जाऊ देणार न्हाई. हिला पास करूनच सोडतो." मग त्यांनी छताचा प्लाय उतरवला, नळ्या बदलल्या, वायरी ओढून काढल्या, बेअरिंग उघडून त्यात ग्रीस भरलं. अशी घरं बाळगणाऱ्या देशभरातल्या हौशी मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता, त्यातही ते शिरले. लोक तिथे नदीकाठचे आणि डोंगरातले फोटो टाकायचे. हे गंजलेल्या नटांचे आणि फुगलेल्या प्लायचे टाकायचे. सुरुवातीला कुणी उत्तर देईना. मग एक दिवस कुणीतरी हळूच लिहिलं की आमचंही छत गळतं, आम्ही खाली बादली ठेवतो. त्यावर दुसऱ्यानं लिहिलं की आमच्याकडे दोन बादल्या आहेत. आठवड्याभरात डोंगर-नद्या बंद झाल्या आणि सगळा ग्रुप एकमेकांच्या गळत्या दाखवू लागला. साडू प्रत्येकाला डॉक्टरसारखे सल्ले देऊ लागले. मला वाटतं, त्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलणारं भेटलं असावं.

तपासण्यांत माझीही आहुती पडत असे. गळती पाहायची म्हणून एका रविवारी त्यांनी मला वही-पेन आणि बॅटरी देऊन आत कोंडलं आणि स्वतः शिडीवर चढून छतावर पाईपनं पाणी सोडलं.

"टपकतं का?" वरून आवाज आला.

"टपकतंय."

"बराबर कुठं?"

"माझ्या डोक्यावर."

"डोकं हलवू नका, तिथंच थांबा. मी खूण करून राह्यलो," असं म्हणून ते उतरले, आत आले आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर छताला चिठ्ठी लावून पुन्हा वर गेले. माझ्या हातात टॉवेल द्यायचं त्यांना सुचलं नाही. तो अक्कांनी दिला.

हे सगळं गमतीचं होतं, पण एकीकडे दिवस जात होते, आणि ते नुसते दिवस नव्हते. सोयाबीन पेरलं गेलं, काढलं गेलं. दिवाळी झाली. अक्कांची पिशवी दाराशी तशीच भरलेली. त्यांनी त्यातलं गरम कापड काढून सुती ठेवलं, नंतर सुती काढून पुन्हा गरम ठेवलं. मी साडूंना एकदा चिडून विचारलंही, "जायचंय तरी का तुम्हाला?" त्यांनी मान वर केली नाही. "रस्त्यात बंद पडली तर तिला कुठं नेऊ?" एवढंच म्हणाले. तेव्हा मला कळलं की हा माणूस गाडी तपासत नव्हता, घाबरला होता. बायकोनं उभ्या संसारात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती नापास मालात घालून तिला द्यायची त्याची छाती होत नव्हती.

मग एका सकाळी दादांच्या शेजारच्या शेतकऱ्याचा फोन आला. सहज म्हणून सांगितलं त्यानं: दादा आता माणूस बोलल्याशिवाय ओळखत नाहीत, आणि काल चहा कपाच्या बाहेरच ओतला. फोन ठेवून अक्का काठी टेकत बाहेर आल्या. साडू दाराच्या कडेची ॲल्युमिनियमची पट्टी बसवत होते. तिचा खालचा कोपरा दाबला की बसे आणि सोडला की पुन्हा उचलून येई. तेवढी एकच चिठ्ठी उरली होती.

"इतकी वर्षं दाणे मोजले ना तुम्ही?" अक्का म्हणाल्या. "शंभरचे शंभर उगवलेले कधी पाह्यले का?"

"न्हाई," साडू म्हणाले.

"मंग लोकांनी पेरलं न्हाई का?"

साडूंनी दाबून धरलेला पट्टीचा कोपरा सोडून दिला. बोलायचं तर अक्कांना अजून बरंच होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आत गेल्या. साडू उठले, हात पुसले आणि मला म्हणाले, "सकाळी निघू. तुम्ही जीपमधी मागं बसा, आवाज ऐकत चला."

सगळी वाट मी कान लावून बसलो होतो. राजूरला गणपतीला हात जोडायला म्हणून गाडी थांबवली, तर पाच मिनिटांत दाराशी सात-आठ माणसं रांगेत उभी. पांढरं घर बघून त्यांना फिरता दवाखाना वाटला. सगळ्यांत पुढच्या म्हातारीनं तर बाही वर करून हात पुढे केला होता. साडू तिला समजावू लागले, पण अक्का म्हणाल्या, "थांबली हाय तर चहा तरी घेऊन जाऊ द्या." त्या ओट्यावर शिजलेला पहिला चहा त्या म्हातारीनं घेतला. जाताना तिनं चारी बाजूंनी पाहून सांगितलं, "घर बरं बांधलं बाई." जीप सुरू करताना साडूंचा चेहरा मी आरशात पाहिला. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके खूश दिसत नाहीत.

दुपारी आम्ही शेतात पोचलो. दादा आवाजाच्या रोखानं चालत आले. त्यांनी अक्कांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी जवळ ओढला, उजेडाकडे वळवला, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "बारीक झालीस गं." दिसल्या. त्या दिवशी अजून दिसल्या. मग त्यांनी नेहमीसारखा विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. अक्कांनी तो तिथेच उभ्या उभ्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. साडू उगाच जीपच्या मागे जाऊन हूक तपासत राहिले.

संध्याकाळी दादांनी हातानंच सगळं घर पाहिलं. भिंतीवरून तळवा फिरवत फिरवत ते दाराशी आले आणि त्यांची बोटं थांबली. "दाजी, ही पट्टी उचलून आली." साडूंच्या खिशात हत्यार होतंच. "उद्या बसवतो, दादा," म्हणाले. चार दिवसांचे आठ झाले, पट्टी तशीच राहिली.

दादांना आता काहीच दिसत नाही. साडू आणि अक्का दर महिन्याला ते घर घेऊन जातात आणि आठवडाभर राहतात. गेल्या खेपेला मीही गेलो होतो. ती उचललेली पट्टी पाहून मला राहवलं नाही. या माणसाचं एक तरी काम आपण पुरं करावं म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. साडूंनी माझं मनगट धरलं. "राहू द्या. दादांना दार तिच्यावरून घावतं. पलीकडं गुळगुळीतच हाय समदं." मग हळूच म्हणाले, "जास्त उचलू देत न्हाई मी. बोटाला लागेल एवढीच ठेवतो. दर वेळेला तपासतो."

तेवढ्यात खोलीकडून दादा आले. भिंतीवरून हात सरकवत सरकवत त्यांची बोटं त्या कोपऱ्यावर येऊन थांबली, आणि तिथे हात ठेवूनच त्यांनी विचारलं, "उठलीस का गं?"

"उठले रे दादा," आतून अक्का म्हणाल्या. "ये, चहा ठेवलाय."