‘पशु’ ही दोन अक्षरं

भगत मॅडमची आणि माझी पहिली भेट माझ्या गोठ्यात झाली. टाळेबंदी उठून कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. सकाळची धार काढून मी बादल्या विसळत बसलो होतो, तेवढ्यात फाटकातून एक बाई सरळ आत आल्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि चेहरा असा गंभीर की मी समजूनच चुकलो, तक्रार आली. कॉलेजच्या कॅन्टीनला आणि मुलींच्या होस्टेलला दूध माझ्याच घरचं जातं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मॅडम, मी दुधात पाण्याचा थेंब टाकत नाही. म्हशीच पाणी जास्त पेतात, त्याले मी काय करू?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "दुधाचं राहू द्या काका. मला तुमच्या म्हशी पाहिजेत. रविवारी सकाळी, थोडा वेळ. विद्यार्थ्यांसाठी."

मी विचारलं, तुमच्या विद्यार्थ्यांनी कधी म्हशी पाहिल्या नाहीत काय? त्या म्हणाल्या, "पाहिल्या आहेत. हात लावलेला नाही."

आमच्या पांढरकवड्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. सुनंदा भगत त्या ह्याच. मूळच्या आर्णीकडच्या, घरी शेती. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्तानं हा गौरवग्रंथ निघतो आहे. गौरव समितीची मंडळी माझ्याकडे लेख मागायला आली तेव्हा जाता जाता म्हणाली, "काका, जरा गोड लिहा. आणि ते ‘ढोर’ वगैरे शब्द नका घालू, ‘पशुधन’ लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं सगळं वाचन दुधाच्या हिशेबाला आलेल्या रद्दी पेपरांवर झालं. त्यामुळे गोड कसं लिहितात ते मला येत नाही. साखर चहात टाकतात एवढं माहीत आहे. मॅडमबद्दल खरं लिहायचं तर राग येतोच, आणि तो राग गाळून लेख लिहिला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी गौरव होईल.

आता हा गोठ्यातला वर्ग कशासाठी होता ते सांगतो. बारावीनंतर डॉक्टरीची प्रवेश परीक्षा असते. तिच्यात ज्यांचा नंबर लागत नाही ती मुलं आमच्याकडे बी.एस्सी.ला येतात. आमचं बी.एस्सी. म्हणजे एस.टी. स्टँड. बसलेले सगळे, पण प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्या गाडीकडं. पुन्हा परीक्षा देतात, पुन्हा वाट पाहतात. ढोरांच्या डॉक्टरकीचा प्रवेशही त्याच परीक्षेच्या मार्कांवर होतो. पण आमच्या गावात मोजायची पद्धत अशी की आधी माणसाचा डॉक्टर, मग दाताचा, मग आयुर्वेद, मग होमिओपॅथी, आणि काहीच हाती लागलं नाही तर ढोराचा. ज्या जिल्ह्यात अजून कपाशीचं डवरण, म्हणजे ओळींमधली कोळपणी, बैलाशिवाय होत नाही, बकऱ्यांवर कितीक घरांची चूल पेटते, तिथं बैला-बकरीचा डॉक्टर शेवटच्या पानावर. आणि गंमत अशी की ज्यानं आयुष्यात गाईच्या पाठीवर हात ठेवला नाही त्याला मार्कांवर सीट मिळते आणि तो रडत रडत जातो. ज्याला जायचं असतं त्याला कोणी विचारत नाही.

मॅडमनी विचारलं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्यांनी सरळ प्रश्न टाकला, जनावरांचा डॉक्टर कोणाला व्हायचं आहे? वर्ग हसला. मागच्या बाकावरून एका मुलीचा हात अर्धा वर आला आणि हसणं ऐकून तिथंच थांबला. ललिता टेकाम तिचं नाव. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे जंगलाच्या कडेच्या लहानशा वस्तीवरची. मॅडम म्हणाल्या, "हात पूर्ण वर कर." त्या हाताखातर दुसऱ्याच दिवशी मॅडम माझ्या गोठ्यात आल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

ललिताबरोबर आणखी काही मुलंमुली येऊ लागली. मॅडमचा नियम असा की रविवारी आधी गोठा, मग पुस्तक. शेण उचलायचं, वैरण टाकायची, म्हशीच्या शेपटीखाली थर्मामीटर लावून ताप मोजायचा. माझी एक म्हैस आहे, तिला आम्ही सरपंचीण म्हणतो, कारण ती कोणाचं ऐकत नाही. खताच्या दुकानदाराचा मुलगा नाकाला रुमाल लावून तिच्याजवळ गेला. तिनं शेपटीनं तो रुमालच उडवला. मॅडम त्याला म्हणाल्या, "तिला रुमाल आवडत नाही. नाक उघडं ठेवून ये." रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काय गुलाबभाऊ, गोठ्यात कॉलेज काढलं का?" मी म्हणायचो, तुह्या पोरालेही पाठव. माह्या म्हशी मास्तरांपेक्षा कमी मारतात.

हसण्यावारी नेता येत होतं तोवर नेलं. पण एका रविवारी मुली गोठ्यातून परत होस्टेलला गेल्या आणि मेसमध्ये त्यांना ताटावर बसू दिलं नाही. अंगाला शेणाचा वास येतो म्हणे. बाहेर ओट्यावर उभं राहून खा. हे मला ललितानं सांगितलं नाही, दूध घालायला गेलो तेव्हा स्वयंपाकाच्या बाईनं सांगितलं. माझं टाळकंच सरकलं. त्या मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ जो चहा होतो तो माझ्या म्हशींच्या दुधाचा. म्हशीचं दूध घशाखाली उतरतं, म्हशीचा वास मात्र नाकाला झोंबतो, हा कुठला न्याय? मी भांडायला निघालो होतो. मॅडमनी मला थांबवलं आणि स्वतः रेक्टरकडे गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. पण त्या दिवसापासून गोठा झाला की सगळ्या मुली मॅडमच्या घरी जायच्या. बंबात पाणी तापलेलं असायचं. मुली आंघोळी करायच्या, कपडे धुवायच्या, आणि मॅडमच्या अंगणातल्या दोरीवर परकर-ओढण्यांची रांग लागायची. शेजारच्या बायकांनी नाकं मुरडली, तर मॅडम त्यांना म्हणाल्या, "वास येतो ना? अजून थोडी वर्षं येऊ द्या. मग तुमच्या गाईला ताप आला की ह्याच पोरींना बोलवाल."

प्रवेश परीक्षेत फिजिक्स हा विषय बहुतेकांना आडवा येत होता. क्लाससाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठणं ह्या मुलांना जमणारं नव्हतं. मॅडम स्वतः प्राणीशास्त्राच्या. तरी त्या वयात त्यांनी काय करावं? आपल्याच कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसल्या. विद्यार्थ्यांसारखी वही घेऊन. सर बिचारे दोन दिवस अडखळले. स्टाफरूममध्ये टिंगल झाली, की साठीला आलेल्या बाई आता डॉक्टर होणार. मॅडमनी ती टिंगल ऐकली, घर्षणाचं गणित समजून घेतलं, आणि रविवारी माझ्या गोठ्यासमोर बैलगाडी उभी करून मुलांना विचारलं, चढावर बैलाला जोर का लागतो? शिकवणं काय असतं ते मी त्या दिवशी बसल्या जागी पाहिलं.

निकाल लागला. माणसांच्या मोठ्या डॉक्टरीला ललिताचे मार्क पुरत नव्हते, पण आयुर्वेदाच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. आणि पशुवैद्यकीयची यादी अजून लागायची होती. कचाट्यात सापडली ती पोरगी. आयुर्वेदाला मूळ कागदपत्रं जमा केली की ती सहजासहजी परत मिळणार नव्हती. न करावी तर हातची सीट जाणार, आणि पुढची मिळेलच ह्याची खात्री कोणाला? तिचे मामा वणीहून आले आणि म्हणाले, हातचं सोडून पळत्यामागं कोण धावते? प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून समजावलं, की माणसाच्या डॉक्टरला मान असतो, कॉलेजचंही नाव होतं. सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. एकानंही तिला विचारलं नाही की तुझ्या मनात काय आहे.

तिचे वडील रविवारी मॅडमना भेटायला गोठ्यावरच आले. फार बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी एवढंच विचारलं की पोरगी चुकते आहे का. मॅडम म्हणाल्या, ते मी सांगणार नाही, तीच सांगेल. आणि तिला तिथंच, माझ्या गोठ्यात, विचारलं. ललिता सरपंचिणीच्या गळ्याखाली खाजवत उभी होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आमच्या पोडावर माणूस बिमार पडला त फोन लावला की गाडी येते. बैल पडला त फोन कोणाले लावाचा?"

वडील उठले, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, "चाल मंग घरी. यादीची वाट पाहू."

आयुर्वेदाची सीट सोडली. त्यानंतरचे दिवस मॅडमनी कसे काढले ते मी पाहिलं. तोंडानं ललिताला धीर द्यायच्या आणि माझ्याकडे दूध घ्यायला आल्या की भांडंच घरी विसरून यायच्या. पुढं यादी लागली. नागपूरला नंबर लागला. मॅडमनी मला फोन केला तेव्हा नुसतं "काका" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मी समजलो.

आता मुख्य रागाची गोष्ट. दोन दिवसांनी कॉलेजच्या गेटवर भला मोठा फ्लेक्स लागला. ललिताचा फोटो, शेजारी प्राचार्यांचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली लिहिलेलं: ‘वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मी दूध घालायला आलो होतो. मॅडम गेटवर उभ्या राहून ते वाचत होत्या. परत वाचत होत्या. मग सरळ प्राचार्यांकडे गेल्या, मी कॅन ठेवून मागोमाग. म्हणाल्या, सर, ‘पशु’ राहिला. प्राचार्य म्हणाले, राहिला नाही, मुद्दामच तसं घेतलं, जरा बरं दिसतं. आणि आता छापून झालं, दोन अक्षरांनी काय होतं?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, त्या दोन अक्षरांसाठी तिनं हातची सीट सोडली."

मॅडम बाहेर आल्या, ऑफिसातून जाड मार्कर घेतला, कॅन्टीनचं स्टूल ओढलं. मी स्टूल धरलं. चढल्या, आणि ‘वैद्यकीय’च्या आधी ठसठशीत ‘पशु’ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही वाचता यावं एवढं मोठं. मुलं टाळ्या वाजवायला लागली तर त्यांच्यावर खेकसल्या, "तासाला जा." ते प्राचार्य साहेब आज ह्या गौरव समितीवर आहेत. हा लेख त्यांनी वाचून, न कापता छापला, तर मी त्यांचंही मनापासून कौतुक करीन.

ललिता आता चौथ्या वर्षाला आहे. मॅडमच्या वर्गातली आणखीही मुलं त्या वाटेनं गेली आणि जात आहेत. सत्काराच्या तयारीत मी सगळ्यांच्या तोंडी एकच ऐकतो आहे, की मॅडमनी खूप केलं, आता त्यांनी आराम करावा. आराम कायले? काम झालं असतं तर गोष्ट वेगळी. गेल्या सुट्टीत ललिता आपल्या भागात जनावरांच्या लसीकरणाच्या शिबिराला गेली होती, तिच्या कॉलेजातल्या सरांना मदत करायला. एक म्हातारा बैल घेऊन आला. तिच्या हातात सुई पाहून तिच्या मागं, इकडं तिकडं पाहू लागला. विचारलं, "डाक्टर कुठी हाय?" ती म्हणाली, बाबा, सुई मीच देतो. तो म्हणाला, "तू त पोरगी हायस." आणि दोर ओढून बैल मागं घेतला. ललितानं मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्याच म्हाताऱ्याच्या गोठ्यातलं शेण जन्मभर त्याच्या बायकोनं, सुनेनं, लेकीनं काढलं असेल. शेण काढायला बाई चालते, सुई द्यायला चालत नाही. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "काका, त्या म्हाताऱ्याचं गाव कोणतं? पुढच्या शिबिराला आपण दोघं जाऊ."

म्हणून मॅडम, तुमच्यासाठी दीर्घायुष्य मागतो ते आरामखुर्चीत बसण्यासाठी मागत नाही. तुमचे गुडघे टिकोत, डोळे टिकोत, आणि आवाज तर टिकोच, कारण अजून पुष्कळ जणांशी बोलणं बाकी आहे. ज्या म्हाताऱ्यानं बैल मागं घेतला त्यानं एक दिवस स्वतः दोर धरून तो बैल ललितापुढं आणून उभा करावा, आणि ते पाहायला तुम्ही धडधाकट पायांवर तिथं उभ्या असाव्यात. त्या दिवशी मी शेजारी असलो तर उत्तम. नसलो, तरी तुम्ही असा.