तळहातावरचं वजन

"चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घाल, असं मी म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"ताई, आधी बस तरी."

"बसायला नाही आले. डिस्क फिरते का ते सांग."

फिरत नव्हती. ताईच्या कॉम्प्युटरच्या दोन्ही डिस्क टेबलावर होत्या. तिचा दुकानदार भाऊ सकाळपासून एकेक कानाला लावून बघत होता. दोन्ही मुक्या. डेटा काढून देणाऱ्यांनी कालच हात वर केले होते.

गल्लीत त्याला 'तराजू' म्हणतात. वीस वर्षं तो कॉम्प्युटर जोडतोय. बिल बघत नाही, लेबल वाचत नाही. पॉवर सप्लायचा डबा नुसता तळहातावर तोलतो. जड तो अस्सल, हलका तो फुसका. आजवर हाताने दगा दिला नव्हता, म्हणून सख्ख्या बहिणीलाही तो ऐटीत म्हणाला होता, "कंपनीचं नाव काय चाटायचंय? माझा हात आहे ना."

चार दिवसांपूर्वी भर वर्गात तिचा कॉम्प्युटर फट्‌ करून बंद पडला. त्याने डबा उघडला, तर आत सिमेंटचा गोळा चिकटवलेला. निव्वळ वजनासाठी.

"तुझ्यासारखे शहाणे कसे फसतात ते त्यांना बरोबर ठाऊक होतं," ताई म्हणाली. "चांगला असता तर काय झालं असतं?"

"एकटा मेला असता," तो पुटपुटला. "बाकीच्यांना धक्का लागू दिला नसता. हा मरता मरता सगळ्यांना घेऊन गेला."

ताई बहिऱ्या मुलांना शिकवते. तिच्या शाळेतले म्हातारे सर स्वतः बहिरे. त्यांच्या पिढीच्या हातांच्या खुणा आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. चार वर्षं त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून तिने दोन हजार खुणा टिपल्या, सगळ्या याच दोन डिस्कवर. गेल्या महिन्यात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली.

"तूच म्हणालास, दोन डिस्क घालतो, एक गेली तर दुसरी आहे. दोघींना एकाच चितेवर ठेवलंस की रे."

"थांब. जुन्या डिस्कचं सर्किट काढून हिला लावतो."

"ही कितवी वेळ?"

"चौथी. पण मॉडेल तेच आहे, अगदी तेच."

स्क्रू दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा बसला. त्याने वीज दिली. दोघंही डिस्कवर वाकले. टक्‌. टक्‌. टक्‌. मग काहीच नाही.

"सोड आता."

"अजून एक सर्किट आहे माझ्याकडे."

"सोड म्हटलं ना."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही. "ताई, सरांचा डावा हात चालतो ना? डाव्याने जमतील तेवढ्या परत घेऊ. मी येतो, कॅमेरा मी धरतो. रोज येतो. निम्म्या तरी होतील... ताई? शंभर तरी?"

ताईने दोन्ही डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या, दार ढकललं आणि रस्ता ओलांडून निघून गेली.